एक कोयता म्हणजे किती माणसे?

नाताळचे दिवस जवळ आले की आपल्या घरांतून केक, करंज्या, कुलकुल यांचा वास दरवळू लागतो आणि वाण्याकडून नेहमीपेक्षा चार किलो साखर जास्त घरात येते. साखर हा आनंदाचा जिन्नस आहे. मूल जन्माला आले, मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, सोयरीक जुळली की पहिल्याने साखर वाटली जाते. शुभवार्ता सांगणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, असे म्हणणारी आपली भाषा! अशा या पांढऱ्याशुभ्र, निरुपद्रवी वस्तूविषयी एखाद्या धर्मगुरूने लेखणी उगारावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु मी साखरेविरुद्ध लिहीत नाही. साखरेच्या हिशेबात जी लबाडी चालते तिच्याविरुद्ध लिहितो आहे, आणि त्या लबाडीत आपणही भागीदार आहोत, एवढेच मला सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी नाताळच्याच दिवशी, सकाळची मिस्सा आटोपून, मी एका साखर कारखान्याच्या परिसरातील ऊसतोडणी कामगारांच्या तळावर गेलो होतो. सोबत केकचा डबा होता. तळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या. त्यांच्या दाराशी आठ-नऊ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसलेल्या. मोठी माणसे सारी फडात गेलेली. फडात एक बाई ऊस साळत होती. अंगात ताप असल्याचे तिच्या डोळ्यांवरूनच कळत होते. मी सहज म्हणालो, "बाई, आज आमचा मोठा सण. तुम्हांला सुट्टी नाही का?" तिने मान वर न करता उत्तर दिले, "सण कारखान्याला नसतो, साहेब. आज बसलं तर खाडा लागतो."

खाडा हा शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाच्या आरंभी मुकादमाकडून जोडप्याने आगाऊ रक्कम घेतलेली असते. तिला उचल म्हणतात. ती फिटेपर्यंत दोघांनी कोयता चालवायचा. एक दिवस काम चुकले तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय वर दंड बसतो. तो खाडा. आजारपणाचा खाडा, बाळंतपणाचा खाडा, मयतीचा खाडा. मी डबा तिच्या मुलीच्या हाती दिला आणि परतलो. त्या केकमध्ये साखर होती, हे परतीच्या वाटेवर माझ्या ध्यानात आले.

हा प्रसंग मी पुढे आमच्या एका सुशिक्षित बंधूंना सांगितला. ते एका मोठ्या कंपनीत अधिकारी आहेत. ते म्हणाले, "फादर, आता या गोष्टींचेही शास्त्र झाले आहे. वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत जो प्रवास करते त्यात कोणाचे काय बरेवाईट झाले, याचा हिशेब कंपन्या ठेवतात. आपण उगीच मनाला लावून घेऊ नये." त्यांच्या या आश्वासनाला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

शास्त्र झाले आहे, हे खरे. त्याची सुरुवात, योगायोग असा की, एका गोड पेयापासून झाली. १९६९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने आपल्या बाटल्या कशाच्या असाव्यात हे ठरवण्यासाठी एक अभ्यास करवून घेतला. काच, धातू, प्लास्टिक यांपैकी कशाला किती कच्चा माल व ऊर्जा लागते आणि किती प्रदूषण होते, हे त्यात मोजले गेले. वस्तूच्या जीवनचक्राच्या मूल्यमापनाचा तो आद्य प्रयत्न मानला जातो. पुढे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. परंतु त्या साऱ्या मापनात माती, पाणी व धूर होता, माणूस नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने वस्तूंच्या सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. कामगार, स्थानिक लोक, व्यापक समाज, ग्राहक आणि व्यवहाराच्या साखळीतील इतर घटक अशा पाच गटांवर वस्तूचा काय परिणाम होतो ते पाहावे, असे त्यांत सांगितले होते. २०२० च्या सुधारित आवृत्तीत सहावा गट आला तो बालकांचा. २०२४ साली या मूल्यमापनाचेही आंतरराष्ट्रीय मानक निघाले.

या प्रयत्नाची मी थट्टा करणार नाही. बाटली मोजणाऱ्या जगाला बाटलीतल्या साखरेमागचा माणूस चाळीस वर्षांनी का होईना आठवला, ही चांगलीच गोष्ट आहे. माझा वाद आहे तो या हिशेबाच्या नावाखाली आपल्याला जे समाधान विकले जाते त्याच्याशी. आपल्या महाराष्ट्रातील साखरेला ही फूटपट्टी लावून पाहू या.

पहिला प्रश्न मोजणीचा. मूल्यमापनाच्या एका रूढ पद्धतीत वस्तू तयार होण्यासाठी लागलेले कामाचे तास मोजतात आणि त्या देशातील त्या उद्योगाच्या सरासरी माहितीवरून धोक्याचा अंदाज बांधतात. आता आमच्या फडात या. येथे माणूस मोजलाच जात नाही. कोयता मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याच्या नावे मांडला जातो, आणि कोयत्याच्या नावाचा कागद असलाच तर तो नवऱ्याच्या नावाचा असतो. पहाटे भाकरी थापून फडात जाणारी, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरणारी आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई कागदावर कोठेच नाही. जी नोंदलीच नाही तिचे तास कोण मोजणार? आणि तिच्यामागे कोपीच्या दाराशी भावंड सांभाळणारी मुलगी तर त्या कोयत्याचा अपूर्णांकसुद्धा नव्हे. मग तिची बुडालेली शाळा कोणत्या रकान्यात लिहिणार?

दुसरा प्रश्न फाटकाचा. कारखान्याच्या फाटकाच्या आत जो कामगार आहे त्याला हजेरीपट आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, संघटना आहे. तपासनीस येतो, यंत्रे पाहतो, शिरस्त्राणे मोजतो, अभिप्राय लिहितो आणि जातो. परंतु तोडणी कामगार फाटकाबाहेरचा. तो आमचा नोकर नव्हे, असे कारखाना सांगतो. आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तर स्वतःच कर्ज काढून उचल वाटली आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी येथून आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून लाखो माणसे बिऱ्हाडे पाठीवर घेऊन निघतात, पाच-सहा महिने शिवारांत राबतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत जातात. एवढी माणसे ज्या उद्योगासाठी राबतात त्या उद्योगात त्यांचा मालक मात्र कोणीच नाही! २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' व 'फुलर प्रोजेक्ट' यांच्या वार्ताहरांनी महाराष्ट्रातील या फडांची हकिकत जगापुढे मांडली आणि तेथील साखर कोका-कोला व पेप्सिको यांच्यापर्यंत कशी जाते ते दाखवले, तेव्हा दूरदेशीच्या ग्राहकांना धक्का बसला. आम्हांला तो बसायला परदेशी वर्तमानपत्राची गरज होती काय? हे फड आपल्या एस.टी.च्या खिडकीतून दिसतात.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. या साऱ्या हिशेबात शेवटी बेरीज केली जाते. एका बाजूला लाभ, दुसऱ्या बाजूला हानी. साखरेच्या लाभाची बाजू फार मोठी आहे आणि मी ती नाकारीत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने प्रवरानगरला १९५० च्या सुमारास जो सहकारी कारखाना उभा केला त्याने शेतकऱ्याला मान वर करून उभे केले. कारखान्यांमागून शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या भाविकांना ठाऊक आहे की ते गावही ब्रिटिश अमदानीतील एका खासगी साखर कारखान्याभोवती वाढलेले. नगर जिल्ह्यातील आपल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांची चूल उसाने पेटवली आहे. तेव्हा साखरेने समाजाचे भले केले नाही असे कोण म्हणेल?

पण भले झाले ते एकाचे, आणि बुरे झाले ते दुसऱ्याचे. बागायतदाराचा मुलगा अभियंता झाला हा लाभ, तोडणीवाल्याची मुलगी शाळेतून उठली या हानीतून वजा कसा करणार? दोन वेगवेगळ्या माणसांच्या खात्यांची बेरीज करून शिल्लक दाखवणे हे हिशेबशास्त्र नव्हे, ही अफरातफर आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्याच खात्यावर भरपाई जमा झाली पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मान्य केले तर आजवरच्या गोड ताळेबंदांपैकी फार थोडे शिल्लक राहतील.

या खात्यावर काय नावे पडले आहे ते पाहा. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हेच प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होते. ज्या तळावर शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही आणि प्रत्येक दुखण्याला खाडा आहे, तेथे काही डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली आणि बायांनी कायमचा मार्ग पत्करला. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. ती फेडायला पुन्हा फड. साखरेच्या पोत्यावर वजन, प्रत, हंगाम, कारखान्याचे नाव असे सारे छापलेले असते. ही नोंद कोठे छापतात?

आणि ही माणसे घरदार सोडून येतात ती हौसेने नव्हे. मराठवाड्याच्या पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोचवावे लागले. पाण्याला हपापलेले उसाचे पीक मात्र त्याच मराठवाड्यात उभे होते. ज्याच्या रानाला पाणी नाही त्याने दुसऱ्याच्या रानातील पाणीदार पीक तोडायला जावे, असे हे चक्र आहे. वस्तूचे जीवनचक्र म्हणतात ते हेच असेल तर ते कारखान्यात सुरू होत नाही. ते कोरड्या विहिरीपाशी सुरू होते.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप : ते स्वखुशीने उचल घेतात, कोणी जबरदस्ती करीत नाही. या युक्तिवादाला आपल्या ख्रिस्तसभेने १८९१ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात स्पष्ट केले की गरजेने गांजलेल्या माणसाने अपुऱ्या वेतनाला होकार दिला, एवढ्याने ते वेतन न्याय्य ठरत नाही. उपाशी माणसाचा होकार हा भुकेचा होकार असतो.

दुसरा आक्षेप : मजुरी वाढवली तर साखर महागेल आणि गरिबालाच झळ बसेल. अंकगणित करून पाहू. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली; टनामागे २७३ रुपयांचे सुमारे ३६६ रुपये झाले. एक टन उसापासून ढोबळमानाने शंभर किलो साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेत तोडणीची मजुरी साडेतीन-पावणेचार रुपये. एक जोडपे दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडते. दोन जिवांच्या बारा तासांहून अधिक कष्टाचे सहा-सातशे रुपये. ही मजुरी उद्या दुप्पट केली आणि सारा भार ग्राहकावर टाकला, तरी महिन्याला चार किलो साखर वापरणाऱ्या कुटुंबाला पंधरा रुपयांच्या आसपास जास्त पडतील. नाताळच्या एका मेणबत्तीच्या किमतीवरून आपण गरिबाच्या कैवाराचा आव आणीत आहोत!

तिसरा आक्षेप : आता ऊसतोडणी यंत्रे येत आहेत, प्रश्न आपोआप सुटेल. यंत्राने प्रश्न सुटत नाही, माणूस सुटतो. कंबर मोडणारे काम यंत्राने करावे, याला माझा विरोध नाही. परंतु ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोयता चालवला त्यांचे पुढे काय, हाही त्याच वस्तूच्या हिशेबातील रकाना आहे. तो कोरा ठेवून यंत्राची पूजा करता येणार नाही.

चौथा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. आम्ही साधी संसारी माणसे. वाण्याकडून साखर घेतो. आमचा यात काय दोष? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या विश्वपत्रात 'अप्रत्यक्ष मालक' ही कल्पना मांडली. मजुराला कामावर घेणारा तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्यांच्या धोरणांनी व व्यवस्थेने त्याला तसे वागणे भाग पडते वा शक्य होते ते अप्रत्यक्ष मालक, आणि तेही जबाबदार. त्यांचा रोख मुख्यतः राज्यसंस्थेकडे व आर्थिक व्यवस्थेकडे होता. पण जेथे प्रत्यक्ष मालक कोणीच कबूल करीत नाही तेथे ही जबाबदारी साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत, म्हणजे आपल्या डब्यापर्यंत, पोचते असे मी म्हणेन. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली, खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृतीही आहे याची आठवण करून दिली. स्वस्त वस्तू घेणे हे पाप नव्हे. ती स्वस्त का, हे विचारायचेच नाही असे ठरवणे मात्र पापाच्या फार जवळ जाते. मजुरी अडवलेल्या कापणीवाल्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो, हे संत याकोबाने श्रीमंतांना बजावले आहे; आपण त्या पत्राचे वाचन उपासनेत ऐकतो आणि 'देवाला धन्यवाद' म्हणून खाली बसतो.

मग काय करावे? साखर सोडा, असे मी सांगणार नाही. बहिष्काराचा पहिला घाव कोयत्यावरच पडेल. मी तीन गोष्टी सुचवतो.

आपल्यापैकी जे कारखान्यांचे सभासद आहेत, आणि श्रीरामपूर, राहाता, राहुरी, संगमनेर या भागांत असे बंधू आहेत, त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून विचारावे : तळावर पाणी, शौचालय व दिवा आहे काय? बाईची मजुरी बाईच्या खात्यात जाते काय? आजारपणाचा व बाळंतपणाचा खाडा बंद झाला काय? मुलांपैकी किती शाळेत आहेत? गाळल्या जाणाऱ्या उसामागे टनाला दहा रुपये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी द्यावयाचे ठरले. आपल्या कारखान्याने ते भरले काय? उसाला भाव किती, हे विचारायला प्रत्येक जण उठतो. हे विचारायला एक तरी उठो.

ज्या धर्मग्रामांच्या हद्दीत तळ पडतात त्यांनी नाताळच्या केकचा डबा घेऊन जाणे पुरेसे समजू नये. मी ती चूक केली आहे. हंगाम सुरू होताच तळावर जावे, बायामुलांची नावे लिहावीत, जवळच्या शाळेत व आरोग्य केंद्रात ती नोंदवावीत. ज्याचे नाव लिहिले जाते त्याला नाकारणे कठीण जाते.

आणि वसई, मुंबई, पुणे येथील आपल्या सुशिक्षित तरुणांपैकी जे कंपन्यांत अधिकारपदावर आहेत, ज्यांच्या टेबलावरून हे मूल्यमापनाचे अहवाल जातात, त्यांना माझी विनंती : अहवालावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा. यात कोयते मोजले आहेत की माणसे?

मिस्साबलिदानात अर्पणाच्या वेळी धर्मगुरू भाकर उचलतो, तेव्हा ती भूमीचे फळ आणि माणसाच्या कष्टाचे फळ म्हणून परमेश्वरापुढे धरली जाते. वेदीवर जे ठेवायचे ते कोणाच्या हातून आले याचा उच्चार केल्यावाचून आपली उपासना पुढे सरकत नाही. वेदीपाशी पाळतो तो नियम स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी का सोडावा? त्या दिवशी फडात भेटलेल्या बाईचे नाव मी विचारले नाही. मीही तिला कोयताच समजून परतलो होतो. या नाताळला साखरेचा डबा उघडताना निदान एवढे कबूल करू या की ती माणूस आहे, आणि तिचे आपल्याकडे येणे आहे.